चर्चच्या तरुण गटात वर्षभर काय चालतं? श्टुटगार्टकडच्या एका मराठी आईला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा होता: "आम्ही पुण्याचे, गेली चार वर्षं श्टुटगार्टजवळ राहतो. मुलगी तेरा वर्षांची, आठवीत. तिच्या वर्गातल्या निम्म्या मैत्रिणी इथल्या प्रोटेस्टंट चर्चच्या तरुण गटात जातात आणि आता तिलाही जायचंय. उन्हाळ्यात तंबूत राहायलाही जातात म्हणे. आम्ही हिंदू, घरात शाकाहार. तिथे वर्षभर नेमकं काय करतात? धर्मांतराचा काही प्रकार असतो का? पाठवावं की नाही?"

आधी थेट सांगते: पाठवा. मात्र "चांगली मुलं असतात, गाणी-खेळ असतात" एवढ्याच भरवशावर पाठवू नका. मी नगरची, ख्रिस्ती घरातली. तिथल्या मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, तरुण संघात वाढले, लग्नानंतर इकडे आले आणि आता बरीच वर्षं श्टुटगार्टच्या बाहेरच्या एका गावातल्या मंडळीत तरुणांचं काम करते. पगारी नाही, स्वयंसेवक म्हणून. त्यामुळे आतून काय दिसतं ते सांगू शकते. तुम्हाला गोड लागेल तेवढंच मात्र सांगणार नाही.

तुम्ही ज्या चर्चबद्दल विचारताय ते व्युर्टेंबर्गचं प्रांतिक चर्च. इथे 1534 मध्ये धर्मसुधारणा झाली, म्हणजे कॅथलिक पंथाऐवजी प्रोटेस्टंट पंथ आला. तेव्हापासून हे चर्च लुथरन, म्हणजे मार्टिन लुथर या सुधारकाच्या मताचं आहे. उपासना मात्र अगदी साधी, काळा झगा आणि प्रवचन. इतर लुथरन प्रांतांतून आलेल्यांनाही ती कोरडी वाटते. तरुणांचं काम या चर्चच्या युवक संस्थेकडे असतं. तिचं मुख्य कार्यालय श्टुटगार्टच्या फायहिंगेन भागात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ही संस्था उभी राहिली ती चर्चच्या वतीने, पण स्वतंत्रपणे काम करायचं या अटीवर. ही अट उगाच आलेली नाही. 19 डिसेंबर 1933 रोजी नाझींच्या मर्जीतल्या राष्ट्रीय बिशपने एका सहीनिशी सगळ्या प्रोटेस्टंट तरुण संघटना हिटलर युथच्या, म्हणजे नाझींच्या तरुण संघटनेच्या, स्वाधीन केल्या. अठराच्या आतल्या मुलांचे खेळ, सहली, छावण्या सगळं तिकडे गेलं आणि चर्चकडे उरला फक्त बायबलचा अभ्यास. वरच्या एका माणसाच्या सहीने एवढं जाऊ शकतं हे ज्यांनी पाहिलं, त्यांनी पुढे कारभार तरुणांच्याच हातात ठेवला. आज सतरा वर्षांची मुलगी गटाची तिजोरी सांभाळताना दिसते, त्यामागे हेही आहे.

माझ्या मते पालकांनी पाहायची खरी गोष्ट हीच: गटात मुलांच्या हाती काय दिलं जातं. आमच्या नगरच्या तरुण संघात कार्यक्रम वडीलधारे ठरवायचे, आम्ही गायचो आणि खुर्च्या लावायचो. इथे चौदा वर्षांच्या मुलाला पुढच्या वर्षी काहीतरी सांभाळायचंय, हे धरूनच वर्ष आखलेलं असतं. जिथे हे होत नाही, तिथे गट दोन वर्षांत ओस पडतो.

आता तुमच्या मुलीचं वय नेमकं अधलंमधलं आहे, म्हणून रचना समजून घ्या. लहान मुलांचा साप्ताहिक गट म्हणजे युंगशार, साधारण तेराव्या वर्षापर्यंत. आठवीतली मुलं वर्षभर दृढीकरणाच्या, म्हणजे आपली ख्रिस्ती श्रद्धा स्वतः कबूल करायच्या विधीच्या तयारीच्या, वर्गाला जातात, त्यांना इथे सगळे 'कॉन्फी' म्हणतात. हा वर्ग बहुतेक ठिकाणी बुधवारी दुपारी असतो आणि शाळाही ती दुपार शक्यतो मोकळी ठेवतात. तुमच्या मुलीच्या मैत्रिणी बुधवारी गायब होतात त्या इथेच. दृढीकरण झालं की पुढे तरुण गट, आणि ज्यांना हवं त्यांच्यासाठी 'ट्रेनी' म्हणून वर्षभराचं प्रशिक्षण. त्यातून तयार होतात ते 'टीमर', म्हणजे लहानांचे गट चालवणारी मोठी मुलं. सोळा पूर्ण झाल्यावर, ठरलेलं प्रशिक्षण आणि प्रथमोपचाराचा वर्ग केला की युवक नेत्याचं अधिकृत कार्डही मिळतं. ते जर्मनीभर चालतं.

धर्माचं आधी बोलून टाकू, नाहीतर बाकीचं वाचताना तुमचं लक्ष तिकडेच राहील. इथे प्रार्थना होते. गटाच्या संध्याकाळी खेळाच्या आधी नाहीतर शेवटी दहा मिनिटं कोणीतरी बायबलमधला एखादा उतारा घेऊन बोलतं, एक गाणं होतं. छावणीत तर रोज सकाळी बायबलवर तासभर गटचर्चा असते. हा क्रीडा संघ नाही आणि तसा आवही कोणी आणत नाही. तुमची मुलगी डोळे मिटून बसली काय किंवा खिडकीबाहेर बघत बसली काय, तिला कोणी टोकत नाही. जिथे टोकतात, "तू अजून येशूला स्वीकारलं नाहीस का" असं विचारतात, तो गट सोडा. मी स्वतः श्रद्धाळू आहे, तरी हेच सांगेन.

कायदा तुमच्या बाजूने आहे आणि चौदाव्या वाढदिवसानंतर तो मुलीच्या बाजूने आहे. मुलांच्या धार्मिक संगोपनाचा जर्मन कायदा 15 जुलै 1921 चा. त्यानुसार बारा पूर्ण झालेल्या मुलाचा धर्म त्याच्या मनाविरुद्ध बदलता येत नाही, आणि चौदाव्या वर्षापासून आपला धर्म कोणता हे मूल स्वतः ठरवतं. म्हणजे आज तुमच्या संमतीशिवाय तिचा बाप्तिस्मा, ख्रिस्ती होण्याचा विधी, होऊ शकत नाही. उद्या ती चौदाची झाली की कायद्याने तुमची सही लागत नाही. प्रत्यक्षात कुठलाही शहाणा पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, आई-वडिलांशी बोलल्याशिवाय पुढे जात नाही, पण ही गोष्ट तुम्हाला आत्ताच माहीत असलेली बरी. बाप्तिस्मा न झालेली मुलं कॉन्फीच्या वर्गाला बसू शकतात. दृढीकरण मात्र बाप्तिस्म्याशिवाय होत नाही. आणि चर्च-कराची भीती असेल, जो आपल्याकडे, म्हणजे बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात, आयकराच्या 8 टक्के असतो, तर तो फक्त चर्चच्या सदस्यांना लागतो. मुलगी गटात खेळायला गेली म्हणून तुमच्या पगारातून काही कापलं जाणार नाही.

आता वर्ष. ते जानेवारीत सुरू होत नाही, सप्टेंबरच्या मध्यावर शाळा उघडली की सुरू होतं. पहिले दोन-तीन आठवडे उन्हाळ्यातल्या छावणीच्याच गप्पा. मग टीमरांची एक शनिवार-रविवारची बैठक कुठल्यातरी जुन्या वसतिगृहात होते आणि पुढच्या वर्षाचं कॅलेंडर तिथे ठरतं. मोठा कागद भिंतीवर, त्यावर चिठ्ठ्या. कुठली संध्याकाळ कोण घेणार, खर्च किती, किल्ली कोणाकडे. मोठी माणसं असतात, पण मागच्या बाकावर. मी त्या बैठकीत बहुतेक वेळ स्वयंपाकघरात असते आणि विचारलं तरच तोंड उघडते. सोपं नाही ते, पण जमवावं लागतं.

साध्या आठवड्यात संध्याकाळी दीड-दोन तासांचा कार्यक्रम असतो. जागा मंडळीच्या सभागृहाचं तळघर. तिथे जुना सोफा, लाकडी फुटबॉलचं टेबल आणि कोणीही कधी पूर्ण साफ न केलेलं फ्रीज. खेळ: रात्री गावातल्या गल्ल्यांमधून टोळीने खेळायचा शोधखेळ, 'लांडगे आणि गावकरी', कधी एक सफरचंद घेऊन दारोदार जायचं आणि बदल्यात काय काय मिळवता येतं ते बघायचं. कोणीतरी सायकल घेऊन परत येतंच. मधूनच एखादी गंभीर संध्याकाळ: युद्ध, मृत्यू, समाजमाध्यमं, प्रेम. अशा संध्याकाळी मुलं बोलतात, आणि बोलली ते बाहेर जात नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सुगीची उपासना. वेदीपुढे भोपळे, बटाटे, द्राक्षं, मोठा पाव. त्याच सुमाराला कॉन्फी मुलं गावातल्या बेकरीत जाऊन पाव भाजतात आणि विकतात. हा देशभरचा उपक्रम आहे, पैसे 'ब्रोट फ्युर दी वेल्ट' या 1959 पासून चालणाऱ्या प्रोटेस्टंट मदतसंस्थेमार्फत इतर देशांतल्या तरुणांच्या शिक्षणाला जातात. बेकरी पहाटेची. जी मुलं आठ वाजता शाळेला जायला कुरकुरतात, ती पाचला पिठात कोपरापर्यंत हात घालून उभी असतात.

31 ऑक्टोबर हा आमचा सण आणि आमची डोकेदुखी. 1517 मध्ये याच तारखेला लुथरने आपले 95 मुद्दे मांडले, म्हणून धर्मसुधारणा दिन. आणि त्याच संध्याकाळी हॅलोविन. युवक संस्थेने त्यावर तोडगा म्हणून 'चर्चनाइट' काढली. चर्चमध्ये रात्री दिवे, बँड, कोपऱ्याकोपऱ्यात काही ना काही करायला. काही गावांत ती गाजते, काही गावांत टीमर सोडून कोणी फिरकत नाही. आमच्याकडे अर्धी पोरं भुताच्या मुखवट्यातच येतात आणि आम्ही त्यांना आत घेतो.

नोव्हेंबर इथे करडा, ओला आणि मृत्यूचा महिना. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, आधीच्या रविवारी मंडळीतल्या वर्षभरात गेलेल्या प्रत्येकाचं नाव वाचतात आणि मेणबत्ती लावतात. बऱ्याच ठिकाणी मेणबत्त्या लावायला तरुणांना उभं करतात. तुमच्या मुलीला बोलावलं तर जाऊ द्या.

मग आगमनकाळ: वाफल्सचा स्टॉल, भांडं भांडं पीठ, आणि नाताळच्या नाटिकेच्या तालमी. ही नाटिका 24 डिसेंबरच्या दुपारी होते आणि चर्च वर्षातून एकदा खच्चून भरतं ते तेव्हा. एक सावधगिरी: तुमच्या मुलीचा सावळा रंग पाहून कोणीतरी भाबडेपणाने तिला येशूच्या जन्मकथेतल्या, पूर्वेकडून आलेल्या राजाची भूमिका देईल. तिला हवी असेल तर ठीक, नको असेल तर दिव्यांच्या फळीमागे बसवा. खरी मजा तिथेच असते. असंच आणखी एक. काही टीमर उत्साहाच्या भरात दर वेळी विचारतात, "तुमच्या हिंदू धर्मात याबद्दल काय म्हणतात?" तेरा वर्षांच्या मुलीला एका अख्ख्या धर्माची वकील करू नये. एकदा गटप्रमुखाला बाजूला घेऊन सांगा, समजूतदार असतात.

जानेवारीतल्या दिवसाबद्दल मात्र जरा सावकाश सांगते, कारण गट कसा आहे हे कळायला त्याहून चांगला दिवस नाही. 6 जानेवारीनंतरच्या शनिवारी गावोगावचे तरुण गट वाळलेली नाताळची झाडं गोळा करतात. लोक सकाळी झाड फुटपाथवर ठेवतात, देणगीची चिठ्ठी किंवा पट्टी आधी घेतलेली असते, नाहीतर मुलं दारावर डबा घेऊन जातात. शेतकरी आपला ट्रॅक्टर आणि ट्रॉली चालकासकट देतो. ट्रॅक्टर माणसाच्या चालीने पुढे सरकतो, दोन्ही बाजूंनी मुलं झाडं ओढत आणतात आणि ट्रॉलीवर उभा असलेला मोठा मुलगा ती रचतो. हातमोज्यांना डिंक चिकटतो, सुया कॉलरमधून पाठीत शिरतात आणि दुपारपर्यंत सगळ्यांना राळेचा वास येतो. थंडी शून्याखाली.

मी बघते ते कडेला. चमकणारं जाकीट घातलेली पंधरा वर्षांची एक मुलगी, हातात फळीवर लावलेला गावाचा नकाशा. गल्ली झाली की ती हिरवी रेघ मारते. दोन लहान मुलं चालत्या ट्रॉलीच्या मागे लटकायला जातात, ती शिट्टी वाजवते आणि ट्रॅक्टर थांबतो. पन्नाशीचा शेतकरी तिच्या शिट्टीवर थांबतो. पुढे ती मुलं लटकत नाहीत. मागच्या वर्षी हीच मुलगी लटकली होती आणि तिला दुसऱ्या कोणीतरी उतरवलं होतं. झाडं गावाबाहेरच्या चिपा करायच्या जागेवर जातात. मग सभागृहात गरम सूप, आणि टेबलावर डबे उपडे. नाणी दोघांनी मोजायची, दोघांनी सही करायची. एकट्याने पैसे मोजायचे नाहीत, पाळकानेसुद्धा नाही. पैशांचा किती भाग गटाला आणि किती परदेशातल्या कामाला, यावर मुलं मत देतात आणि भांडतात. मागे एकदा नवा स्पीकर हरला, दुसऱ्या वर्षी जिंकला.

हे वाचून तुम्हाला आपलं गणेशोत्सव मंडळ आठवलं असेल तर बरोबर आठवलं. वर्गणी, पावती, मांडव, रात्रीची जागरणं आणि "पुढच्या वर्षी तू खजिनदार". फरक एवढाच की इथे वर्षभर चालतं आणि डीजे नाही.

फेब्रुवारी-मार्चबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. कुठे बर्फातली सहल, कुठे कॉन्फींची मुक्कामी शिबिरं, ट्रेनींचे वर्ग. गळती होते ती याच दिवसांत. अंधार, सर्दी, चाचण्या, आणि नव्या मुलांचा उत्साह ओसरलेला. तुमची मुलगी फेब्रुवारीत "कंटाळा आला" म्हणाली तर लगेच नाव काढू नका.

ईस्टरची पहाट मात्र चुकवू देऊ नका, तिला पाठवायची तयारी असेल तर. काळोखात चर्चबाहेर होळीसारखी आग, तिच्यावरून मोठी मेणबत्ती पेटवतात आणि अंधाऱ्या चर्चमध्ये एकेकाच्या हातातल्या मेणबत्तीला ती लावत नेतात. पुष्कळ ठिकाणी तरुण गट रात्रभर जागतो, पाळीपाळीने वाचन करतो आणि उजाडल्यावर सगळ्या मंडळीची न्याहारी मांडतो. या पहाटे बऱ्याचदा मोठ्या मुलांचे बाप्तिस्मे होतात, तेही तुम्हाला ठाऊक असू द्या.

मग वसंतात दृढीकरणं, आणि इथे मी तुम्हाला सावध करेन. व्युर्टेंबर्गमध्ये ही प्रथा 1722 च्या सुमाराला आली आणि आजही ती कुटुंबाची मोठी घटना आहे. सूट, नवे कपडे, हॉटेलात जेवण, आजी-आजोबांकडून पाकिटं. त्या पाकिटांतून पुढे कोणाचा लॅपटॉप, कोणाचं ड्रायव्हिंग लायसन्स. मे महिन्यात सगळ्या मैत्रिणी याच गप्पांत असतात आणि जिचं दृढीकरण नाही ती बाजूला पडते. धर्मापेक्षा हा एकटेपणाच मुलांना जास्त टोचतो. काही मुलं केवळ यासाठी बाप्तिस्मा मागतात. असं मागणं आलं तर मी स्वतः त्या मुलाला वर्षभर थांबायला सांगते. तुम्ही घरी यावर आधीच बोलून ठेवा. तिच्या चौदाव्या वाढदिवसाला घरातलं काही मोठं करता आलं तर करा, पुण्याहून कोणी येणार असेल तर तेव्हाच बोलवा.

मे-जूनमध्ये उघड्यावरच्या उपासना, सायकल सहली. एक वर्षाआड राष्ट्रीय प्रोटेस्टंट मेळावा असतो, पाच दिवसांचा. 2015 मध्ये तो आपल्या श्टुटगार्टलाच झाला, 2023 मध्ये न्युर्नबर्गला, 2025 मध्ये हानोव्हरला. हजारो तरुण शाळांच्या वर्गांत जमिनीवर झोपतात, दिवसा राजकारण्यांना प्रश्न विचारतात आणि रात्री भर चौकात गातात. दर वर्षी जर्मन चर्चेस मिळून बायबलमधलं एक वचन वर्षासाठी निवडतात. ही प्रथाही मुळात तरुणांचीच. ओटो रीटम्युलर या व्युर्टेंबर्गच्या पाळकाने 1930 मध्ये मुलींच्या संघटनेसाठी ती सुरू केली, आणि पुढे नाझी घोषणांच्या काळात तीच मुलांची घोषणा ठरली. 2025 चं वचन थेस्सलनीकाकरांच्या पत्रातलं होतं: सगळ्याची पारख करा, चांगलं असेल ते ठेवा. मुलीला पाठवण्याबद्दल मीही याहून वेगळं काही सांगत नाहीये.

आणि शेवटी उन्हाळा. जुलैच्या अखेरीस शाळा सुटते आणि छावण्या सुरू होतात. श्टुटगार्ट शहरात राहत असाल तर तंबूंच्या आधी 'वाल्डहाइम'चा विचार करा. शहराच्या कडेच्या जंगलात चर्चच्या जागा आहेत. मुलं सकाळी जातात, दिवसभर खेळतात, गरम जेवतात, संध्याकाळी घरी. ही या शहराची शंभर वर्षांची जुनी रीत आहे, आणि रात्री मूल घरी झोपत असल्यामुळे पहिल्या वर्षी आई-वडिलांच्याही जिवाला आराम.

तंबूंची छावणी म्हणजे एक आठवडा ते दहा दिवस. आठ-दहा जणांचा एक तंबू, मुलींचे वेगळे, मुलांचे वेगळे, प्रत्येकाला दोन टीमर. मधोमध ध्वजाची काठी, एका टोकाला स्वयंपाकाचा तंबू, दुसऱ्या टोकाला शेकोटी. रोजचा कार्यक्रम एका गोष्टीभोवती विणलेला: बायबलमधले योसेफ किंवा मोशे, कधी समुद्री चाचे. टीमर सकाळी नाटक करतात, दुपारी रानातला खेळ, संध्याकाळी गाणी. काठीला कणीक गुंडाळून शेकोटीवर भाजायची, बाहेरून कोळसा आणि आतून कच्ची, तरी सगळे खातात. पिंपभर लाल, गोडमिट्ट फळांचा चहा. रात्री दोघांची जोडी आळीपाळीने पहारा देते, कारण शेजारच्या गावातली पोरं छावणीचा ध्वज पळवायला येतात. ही जुनी चेष्टा आहे आणि तिचे नियम आहेत: प्रमुखाला आधी कळवायचं, तंबूत शिरायचं नाही, तोंडावर टॉर्च मारायचा नाही. ध्वज गेला तर सोडवून आणायला केक द्यावा लागतो. मुली यात मुलांपेक्षा तरबेज असतात, हे निरीक्षण आहे, तक्रार नव्हे.

छावणीचा अर्ज लांबलचक असतो, तो नीट भरा. पोहता येतं का, कोणती औषधं, विमा कार्ड, फोटो काढायची परवानगी, आणि "गोचीड काढायला परवानगी आहे का?" हा प्रश्न बघून हसू नका. बाडेन-व्युर्टेंबर्ग जवळपास सगळं गोचिडीतून होणाऱ्या मेंदूज्वराच्या पट्ट्यात येतं. त्याची लस असते, बालरोगतज्ज्ञाकडे आधीच विचारा, कारण तिचे डोस महिन्यांच्या अंतराने घ्यायचे असतात. जूनमध्ये जागं होऊन उपयोग नाही. छावणीत रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, केसांत बघायला सांगतात.

खाणं: अर्जात 'शाकाहारी' लिहा, आणि अंडं चालतं की नाही तेही लिहा, कारण इथल्या श्पेट्सलेत, म्हणजे इथल्या शेवयांसारख्या नूडल्समध्ये, अंडं असतंच. स्वयंपाकाच्या तंबूत दर वर्षी पंधरा-वीस शाकाहारी पानं असतात, त्यामुळे तुमची मुलगी वेगळी पडणार नाही. डाळ आणि श्पेट्सले हे इथलं घरगुती जेवण, सॉसेज वगळलं की झालं. माउलटाशेनमध्ये, म्हणजे सारण भरलेल्या कणकेच्या पाकिटांमध्ये, मात्र पालकाच्या हिरव्या रंगामागे मांस लपलेलं असतं. उपवासात देवाला दिसू नये म्हणून तसं करायचे अशी इथली जुनी थट्टा आहे. बिनमांसाचेही मिळतात, विचारून घ्यायचं. सगळ्यांत फसवी गोष्ट म्हणजे बक्षिसाच्या गमी बेअर गोळ्या, त्यांत बहुधा डुकराचं जिलेटिन असतं. हे मुलीलाच सांगून ठेवा, दर खेळानंतर वाटतात. फळांच्या रसाच्या, जिलेटिन नसलेल्या गोळ्यांचं एक पाकीट टीमरकडे देऊन ठेवलं की प्रश्न मिटला.

फोन बहुतेक ठिकाणी गोळा करून ठेवतात. पहिल्या दोन-तीन रात्री रडू येतं, आणि त्यावर आईचा आवाज हा सगळ्यांत वाईट उपाय. त्यापेक्षा निघायच्या आधी दोन-तीन पत्रं लिहून, पाकिटावर वार घालून टीमरच्या हाती द्या. छावणीत जेवणानंतर टपाल वाटतात. मराठीत लिहा, म्हणजे तंबूतल्या बाकीच्या पोरी वाचायला झुंबड करतील पण कोणाला ओ की ठो कळणार नाही.

सुरक्षेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं. जानेवारी 2024 मध्ये जर्मन प्रोटेस्टंट चर्च आणि तिच्या सेवासंस्थांमधल्या लैंगिक अत्याचारांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 1946 पासूनचे किमान 2225 पीडित आणि 1259 आरोपी मोजले गेले. सगळ्या फायली तपासल्या गेल्या नव्हत्या, त्यामुळे खरा आकडा याहून मोठा. तेव्हा "चर्च आहे, काय होणार" ही समजूत सोडा. 2012 पासूनच्या कायद्यामुळे मुलांसोबत काम करणाऱ्या स्वयंसेवकांना सरकारी विस्तारित चारित्र्य प्रमाणपत्र दाखवावं लागतं. मीही ठरावीक वर्षांनी नवं काढते, स्वयंसेवकांना ते फुकट मिळतं. याशिवाय आचारसंहितेवर सही असते.

पण कागद सगळ्यांकडे असतात. म्हणून भेटीत गटप्रमुखाला हे विचारा: कोणी मुलगी गळ्यात पडून रडली तर टीमर काय करतो? रात्री तंबूत कोण असतं? तक्रार करायची तर कोणाकडे, आणि त्यातलं एक नाव चर्चबाहेरचं आहे का? चांगला प्रमुख या प्रश्नांनी खूश होतो, उत्तरं त्याच्या जिभेवर असतात. जो "आमच्याकडे असलं काही होत नाही" म्हणतो, त्याच्याकडे मी माझी मुलं पाठवणार नाही. दारूबद्दलही विचारा. कायद्याने इथे सोळाव्या वर्षापासून बिअर चालते, छावणीत काय नियम आहे ते गटागटावर असतं. आमच्याकडे पूर्ण बंदी आहे, टीमरांनाही.

खर्च फारसा नाही. आठवड्याच्या संध्याकाळी फुकट किंवा नाममात्र, मुक्कामाच्या छावणीला काही शे युरो. दुसऱ्या भावंडाला सवलत असते आणि अडचण असेल तर मंडळीचा निधी असतो. सांगायला लाजू नका, ते नाव गटात कोणाला कळत नाही.

आता काय करायचं ते सांगते. एखाद्या संध्याकाळी मुलीला सोडायला स्वतः जा आणि सुरुवातीची पंधरा मिनिटं थांबा. खेळ कोण समजावून सांगतंय ते बघा: पगारी माणूस, की सोळा वर्षांचा पोरगा? पोरगा असेल तर निर्धास्त घरी जा. दोन महिने जाऊ द्या, मग तिलाच विचारा. छावणीचे अर्ज मात्र नाताळच्या आसपासच निघतात आणि चांगल्या छावण्या मार्चपर्यंत भरतात, त्यामुळे लस आणि अर्ज या दोन गोष्टी जानेवारीतच उरकून घ्या. झोपायची पिशवी नवी घेऊ नका, गटाच्या कपाटात मागच्या मुलांनी विसरलेल्या चार-पाच नेहमीच पडलेल्या असतात. पावसाळी बूट मात्र स्वतःचे हवेत, आणि एक नंबर मोठे.